एकट्या रेणूचा ठाव

रेणूची रचना कशी असते, या प्रश्नाची आपल्याकडची बहुतेक उत्तरं स्फटिकांतून आलेली आहेत. 1912 साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाऊए यांच्या सूचनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या खड्यातून क्ष-किरण पाठवले आणि मागच्या फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी अशा नक्षीवरून अणूंच्या जागा काढायला सुरुवात केली. मीठ, हिरा, पेनिसिलिन, हिमोग्लोबिन अशा कितीतरी पदार्थांची घडण त्या वाटेनं कळली. ही पद्धत इतकी यशस्वी ठरली, की रचना शोधायची म्हणजे आधी स्फटिक तयार करायचा, हे समीकरणच होऊन बसलं.

या यशाची एक किंमत आहे. स्फटिकातला रेणू शेजाऱ्यांनी चहूबाजूंनी जखडलेला असतो. शेजाऱ्यांच्या रेट्यानं त्याचे कोन थोडे बदलतात, लवचीक भाग एकाच स्थितीत अडकतात आणि त्याला मोठी हालचाल करायला जागा उरत नाही. एखादा बंध तुटताना रेणू कसा उलगडतो, हे स्फटिकात क्वचितच पाहता येतं. द्रावणात जागा मिळते, पण तिथे पाण्याचे नाहीतर अल्कोहोलचे रेणू इतके असतात, की ज्याला पाहायचं त्याचा संकेत त्यांच्या संकेतात बुडून जातो. रेणू खऱ्या अर्थानं एकटा असतो तो विरळ वायूत. पुंजयामिकीची गणितंही सर्वांत विश्वासानं मांडता येतात ती अशाच एकट्या रेणूसाठी. म्हणून सिद्धान्त आणि प्रयोग समोरासमोर आणायचे तर वायूसारखी जागा नाही. मग क्ष-किरणांनी वायूतला रेणू पाहायला शंभर वर्षं का लागली, आणि आज जे दिसतं त्याला 'पाहणं' म्हणायचं का, या दोन प्रश्नांभोवती हा आढावा फिरतो.

सुरुवात उशिरा झाली नव्हती. 1915 साली पीटर डिबाय यांनी एक गणित मांडलं. वायूतले रेणू वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात, एकाची दुसऱ्याशी संगती नसते. त्यामुळे त्यांच्यावरून विखुरलेल्या किरणांत काही नक्षी उरणार नाही, असं सहज वाटतं. डिबायनी दाखवलं, की दिशा पुसल्या गेल्या तरी अंतरं पुसली जात नाहीत. एका रेणूतल्या दोन अणूंवरून निघालेल्या लाटा एकमेकींशी व्यतिकरण करतात, आणि सगळ्या दिशांची सरासरी घेतली तरी कोनाबरोबर चढउतार करणारी, हळूहळू विरत जाणारी एक लाट मागे राहते. अणूंमधलं अंतर मोठं असेल तर हे चढउतार दाट येतात, लहान असेल तर विरळ. रेणूतल्या प्रत्येक जोडीची अशी एक लाट असते. या सगळ्यांची बेरीज म्हणजे वायूचं विवर्तन, आणि ते वर्तुळाकार कड्यांच्या रूपात दिसतं.

त्या वेळी डिबायच्या मनात रेणूच्या आकारापेक्षा इलेक्ट्रॉनच अधिक होते. बोरच्या प्रतिकृतीत इलेक्ट्रॉन ठरावीक कड्यांवरून फिरत होते, आणि ती कडी क्ष-किरणांनी मोजता येतील अशी त्यांची आशा होती. पाउल शेरर यांच्याबरोबर त्यांनी लिथियम फ्लोराइडची पूड किरणांसमोर ठेवली. इलेक्ट्रॉनांची कडी मिळाली नाहीत. मिळाल्या त्या पुडीतल्या असंख्य बारीक स्फटिकांच्या स्वच्छ रेषा, आणि त्यातून 1916 साली आज प्रत्येक प्रयोगशाळेत रुळलेली पूड-विवर्तनाची पद्धत जन्माला आली. ही हकिकत मला महत्त्वाची वाटते, कारण क्ष-किरण विखुरतात ते मुळात इलेक्ट्रॉनांवरून. अणूचं केंद्रक त्यांना जवळजवळ दिसतच नाही. इलेक्ट्रॉन जिथे दाट, तिथे अणू आहे असं आपण मानून चालतो. वायूच्या प्रयोगांची आजची ओढ पुन्हा त्याच इलेक्ट्रॉनांकडे आहे.

दरम्यान भारतातही अव्यवस्थित द्रव्यावर काम सुरू झालं होतं. 1923 साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. आर. रामनाथन यांनी द्रवांतून होणाऱ्या क्ष-किरणांच्या विवर्तनाचा सिद्धान्त मांडला. वायूवरचा निर्णायक प्रयोग मात्र लाइपझिगमध्ये झाला. 1929 साली डिबाय, बेविलोगुआ आणि एअरहार्ट यांनी कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ किरणांसमोर ठेवली आणि कडी नोंदवली.

हाच रेणू का, हे जवळून पाहण्यासारखं आहे. मध्ये एक कार्बन, चार कोपऱ्यांवर चार क्लोरीन. जोड्या दहा: कार्बन-क्लोरीनच्या चार, क्लोरीन-क्लोरीनच्या सहा. लहान कोनांपाशी एका जोडीचं वजन ढोबळमानानं दोन्ही अणूंच्या इलेक्ट्रॉनसंख्यांचा गुणाकार धरता येतं. कार्बनचे 6, क्लोरीनचे 17. म्हणजे कार्बन-क्लोरीनच्या चार जोड्यांना मिळून 408, तर क्लोरीन-क्लोरीनच्या सहा जोड्यांना 1734. कडी मुख्यतः क्लोरीनमधलं अंतरच सांगतात. ते अंतर आज सुमारे 2.89 अँगस्ट्रॉम मोजलं जातं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटींवा भाग. तांब्याच्या नळीतून निघणारे 1.54 अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे किरण वापरले, तर या अंतराच्या लाटेचं पहिलं शिखर सरळ रेषेपासून साधारण 38 अंशांवर यायला हवं. अंतर एक आणि जोड्या सहा, त्यामुळे कडं ठळक. मधल्या कार्बनची जागा सममितीवरून ठरते. दिशा हरवलेल्या वायूतून एक अंतर निघालं, आणि उरलेला रेणू भूमितीनं त्याच्याभोवती उभा केला. ही रीत नीट ध्यानात ठेवावी. पुढे यंत्रं बदलली, रीत फारशी बदलली नाही.

पण हा विजय फार टिकला नाही. लुडविग्सहाफेनच्या आय. जी. फार्बेनमध्ये हेर्मान मार्क आणि रायमुंड वीर्ल यांनी 1930 साली त्याच वाफेतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. इलेक्ट्रॉन भारित असतो, त्यामुळे तो अणूच्या केंद्रकावरूनही आणि इलेक्ट्रॉनांवरूनही जोरानं विखुरतो. क्ष-किरणांच्या तुलनेत हे विखुरणं लाखो पटींनी अधिक होतं. जिथे क्ष-किरणांना तासन् तास लागत, तिथे इलेक्ट्रॉनांना सेकंदाचा अंश पुरू लागला. त्याच वर्षी लायनस पॉलिंग मार्कना भेटले, उपकरणाची माहिती घेऊन कॅलिफोर्नियाला परतले, आणि लॉरेन्स ब्रॉकवे यांनी ते तिथे उभं केलं. ओस्लोत ओड हासेल यांनी याच तंत्रानं सायक्लोहेक्झेनचा खुर्चीसारखा आकार पक्का केला. 1969 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डिबायना 1936 साली नोबेल मिळालं, त्यात द्विध्रुवाघूर्णावरच्या कामाबरोबर वायूंतल्या क्ष-किरणांच्या आणि इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाचा उल्लेख आहे. पण तोवर वायूतल्या रचनेचं काम बव्हंशी इलेक्ट्रॉनांकडे गेलं होतं. पुढची आठ दशकं हे क्षेत्र त्यांचंच राहिलं.

क्ष-किरणांचा दुबळेपणा किती, याचा एक अंदाज करून पाहू. एका इलेक्ट्रॉनवरून क्ष-किरण विखुरण्याचं क्षेत्रफळ सुमारे 6.65 गुणिले दहाचा उणे पंचविसावा घात चौरस सेंटिमीटर इतकं असतं. सायक्लोहेक्साडाइन हा सहा कार्बन आणि आठ हायड्रोजन असलेला कड्याच्या आकाराचा रेणू घ्या. त्याच्यात 44 इलेक्ट्रॉन आहेत. वायूचा दाब वातावरणाच्या दीडशेव्या हिश्शाइतका आणि किरणांची वायूतली वाट दोन-अडीच मिलिमीटर धरली, तर दहा लाख फोटॉनांपैकी एखादाच विखुरतो. बाकीचे सगळे रेणूंना न शिवता पार होतात. दाब वाढवावा तर रेणू एकटा राहत नाही, आणि उत्तेजित करणारा लेसरही आत पोचण्याआधीच शोषला जातो.

मग क्ष-किरण परत आले कशाच्या बळावर? माझं उत्तर: वेळेच्या. स्थिर रेणू मोजण्यात इलेक्ट्रॉनांना मागे टाकण्याची त्यांना गरजही नव्हती. रेणू बदलत असताना, बंध तुटण्याच्या क्षणी, त्याला गाठायचं होतं. तो क्षण फेम्टोसेकंदांचा असतो, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही दशलक्षांश भागात मोजायचा. अहमद झेवेल यांना अशा क्षणांच्या रसायनशास्त्रासाठी 1999 चं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या गटानं इलेक्ट्रॉनांच्या झोताचे छोटे ठोके वापरून विवर्तनही करून दाखवलं. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. एका ठोक्यात अधिक कोंबले तर ठोका पसरतो आणि वेळेची धार जाते. क्ष-किरणांच्या फोटॉनांना ही अडचण नाही. अडचण होती ती त्यांचा पुरेसा झगझगीत आणि पुरेसा तोकडा ठोका कुठून आणायचा, ही.

तो ठोका आला 2009 च्या एप्रिलमध्ये. कॅलिफोर्नियात स्लॅक या प्रयोगशाळेच्या तीन किलोमीटर लांबीच्या जुन्या त्वरकाचा शेवटचा एक किलोमीटर वापरून एलसीएलएस हा क्ष-किरणांचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर सुरू झाला. जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या लांब रांगेतून नागमोडी जातात. त्यांनी सोडलेले क्ष-किरणच त्यांना बारीक-बारीक चकत्यांत गोळा करतात, आणि मग सगळे एका लयीत किरण सोडू लागतात. एका ठोक्यात सुमारे दहाचा बारावा घात इतके फोटॉन, काही दशक फेम्टोसेकंदांत, सेकंदाला 120 वेळा. जपानचा साक्ला आणि 2017 पासून हॅम्बुर्गजवळचा 3.4 किलोमीटरचा युरोपियन एक्सफेल ही त्याची पुढची भावंडं.

वर केलेल्या अंदाजात हा आकडा घातला, की प्रत्येक ठोक्याला लाखांच्या घरात फोटॉन विखुरतात. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण लेसरनं उत्तेजित होतात ते शंभरातले थोडेच रेणू, आणि त्यांचा आकार बदलल्यानं विवर्तनात पडणारा फरक एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. हा फरक 23 लाख पिक्सेलांच्या शोधकावर पसरलेला असतो. शिवाय या लेसरचा प्रत्येक ठोका गोंगाटातून उगवतो, म्हणून प्रत्येकाची तीव्रता आणि ऊर्जा वेगळी. तेव्हा प्रत्येक ठोका वेगळा मोजून, आधी उत्तेजित न केलेल्या वायूशी तुलना करून, लाखो ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. सेकंदाला 120 म्हणजे तासाला 4 लाख 32 हजार. वेळेच्या एकेका टप्प्यासाठी ही शिदोरी लागते.

मांडणी तशी साधी दिसते. निर्वात पेटीच्या आत एक छोटी कोठडी, तिच्यात वाफ झुळझुळत येते आणि बाहेर ओढली जाते. आधी अतिनील लेसरचा ठोका, मग ठरावीक उशिरानं क्ष-किरणांचा. शोधकाच्या मध्यभागी भोक, कारण न विखुरलेला मुख्य झोत त्याच्यावर पडला तर शोधक निकामीच व्हायचा. खरी कसरत वेळ जुळवण्याची. लेसर आणि क्ष-किरण दोन वेगळ्या यंत्रांतून येतात आणि त्यांची सांगड दर ठोक्याला शंभराच्या आसपास फेम्टोसेकंदांनी चुकू शकते. ती चूक टाळता येत नाही, म्हणून प्रत्येक ठोक्यापाशी ती मोजून ठेवतात आणि नंतर संगणकात ठोके खऱ्या क्रमानं लावतात. या हिशेबाच्या उपकरणाविना पुढचा एकही निष्कर्ष निघाला नसता. गौरव मात्र नेहमी लेसरच्या वाट्याला जातो.

एका गटानं दिशा हरवण्याचीच समस्या उलटी सोडवायचा प्रयत्न केला. हॅम्बुर्गचे योखेन क्युपर आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डायआयोडोबेंझोनायट्राइलचे रेणू लेसरच्या क्षेत्रानं एका दिशेला उभे केले आणि मग एलसीएलएसच्या किरणांनी तपासले. दोन आयोडीन अणूंमधलं अंतर सुमारे 7 अँगस्ट्रॉम, किरणांची तरंगलांबी 6.2. दर ठोक्यामागे सरासरी एक फोटॉनसुद्धा शोधकावर येत नव्हता. तरी लाखो ठोक्यांनंतर ओळीत उभ्या रेणूंचा ठसा दिसला. कल्पना सुंदर आहे, कारण दिशा राखली तर नुसत्या अंतरांपेक्षा कितीतरी अधिक माहिती हाती येते. पण इतक्या विरळ झोतात संकेत इतका क्षीण राहतो, की हालचाल टिपण्याची मुख्य वाट दुसरीच ठरली: दिशा विसरायच्या, वायू थोडा दाट ठेवायचा आणि फरक मोजायचा.

ती वाट ब्राउन विद्यापीठाचे पीटर वेबर, स्लॅकचे मायकेल मिनिटी, एडिनबरोचे अॅडम किरँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखली. त्यांचा रेणू होता वर आलेला सायक्लोहेक्साडाइन. अतिनील प्रकाश पडला की याचं कडं एका बंधापाशी सुटतं आणि हेक्साट्राइन ही उघडी साखळी तयार होते. आपल्या कातडीत उन्हानं ड जीवनसत्त्व तयार होण्याची पहिली पायरी याच जातीची आहे. तिथेही सहा कार्बनांचं असंच कडं उघडतं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात 267 नॅनोमीटरच्या लेसरनं उत्तेजित केलेल्या या रेणूची, दोनशे फेम्टोसेकंदांच्या आत घडणारी उकल क्ष-किरणांनी मागोवली होती. 'रेणूचा चित्रपट' हा शब्द तेव्हापासून बातम्यांत रुळला.

या शब्दापाशी थांबायला हवं. 14 अणूंच्या रेणूत 91 जोड्या असतात, आणि त्याचा आकार पूर्ण सांगायला 36 स्वतंत्र आकडे लागतात. प्रयोगात मोजता येणाऱ्या कोनांची मर्यादा घेतली, तर थेट गणितानं मिळणारा बारकावा सुमारे दीड अँगस्ट्रॉमचा, म्हणजे कार्बन-कार्बन बंधाच्या लांबीइतकाच. इतक्या माहितीतून 36 आकडे निघत नाहीत. मग संशोधकांनी काय केलं? पुंजयामिकीच्या गणितानं रेणू उघडण्याच्या पुष्कळ वाटा आधी संगणकात काढल्या, प्रत्येक वाटेचं विवर्तन कसं दिसेल ते मोजलं, आणि प्रत्यक्ष नोंदीशी जास्तीत जास्त जुळेल असं मिश्रण निवडलं. पडद्यावर जी हालचाल दिसते ती या निवडलेल्या वाटांची.

याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल. कार्बन टेट्राक्लोराइडच्या वेळीही चार क्लोरीनचा आकार गृहीत धरूनच अंतर निघालं होतं. पण गृहीतकांचं ओझं इथे खूप वाढलेलं आहे, आणि ते वाचकाला सांगायला हवं. सिद्धान्तानं ज्या वाटेचा विचारच केला नाही, ती वाट या पद्धतीनं सापडणं अवघड. हातात असलेल्या वाटांपैकी कोणती खोटी, हे मात्र ती ठामपणे सांगते. माझ्या मते वायूतल्या क्ष-किरण विवर्तनाचं आजचं खरं सामर्थ्य या नकारात आहे. शंभर वाटांपैकी नव्वद बाद होणं, ही रसायनशास्त्रात मोठी कमाई आहे.

रेणू सोपा असेल तर गोष्ट बदलते. आयोडीनच्या रेणूत दोनच अणू, अंतर एकच, साधारण 2.67 अँगस्ट्रॉम, आणि प्रत्येक अणूत 53 इलेक्ट्रॉन. इथे नोंदीवरून थेट गणितानं अंतर काढता येतं, आधी वाटा आखाव्या लागत नाहीत. 2016 साली जेम्स ग्लोनिया, फिलिप बक्सबॉम आणि सहकाऱ्यांनी 520 नॅनोमीटरच्या लेसरनं हा रेणू उत्तेजित करून त्याची ताणलेली, परत येणारी, काही वेळा तुटून दूर जाणारी हालचाल दाखवली. त्यांनी एक धाडसी दावाही केला: रेणूचा उत्तेजित भाग आणि शांत भाग यांच्यावरून विखुरलेल्या लाटा होलोग्रामसारख्या एकमेकींत मिसळतात, आणि शांत भाग संदर्भलाटेचं काम करतो. पुढच्या वर्षी कोचिस बेनेट, मार्कुस कोवालेवस्की आणि शॉल मुकामेल यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. शांत आणि उत्तेजित या दोन वेगळ्या इलेक्ट्रॉन-अवस्था आहेत, अशा वायूत त्यांच्या तीव्रता नुसत्या मिळवल्या जातात, लाटांची मिसळण उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मूळ लेखकांनी उत्तरही दिलं.

हा वाद बारीक वाटेल, पण त्याचं गांभीर्य मोठं आहे. लाटा मिसळत असतील तर उत्तेजित रेणू थोडे असले तरी संकेत बराच मोठा मिळतो. नुसती बेरीज असेल तर उत्तेजित रेणू जितके, तितकाच संकेत. मला आक्षेपकांची बाजू अधिक पटते. आणि ती मान्य केली तरी आयोडीनची हालचाल खोटी ठरत नाही. अंतर काळाबरोबर कसं वाढलं, हे तीव्रतांच्या फरकातूनही निघतं. बाद होतो तो होलोग्रामचा दावा.

आता इलेक्ट्रॉनांकडे. सर्वसाधारण हिशेबात प्रत्येक अणू म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एक गोल ढग असं धरतात, आणि बंधात गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांचा वेगळा विचार होत नाही. जड अणूंमध्ये हे चालून जातं, कारण बंधात भाग घेणारे इलेक्ट्रॉन एकूणात थोडे असतात. कार्बनसारख्या हलक्या अणूत ते बरेच असतात. प्रकाश शोषला जातो त्या पहिल्या क्षणी अणू जागचे हललेलेही नसतात, बदलतो तो फक्त इलेक्ट्रॉनांचा ढग. 2020 साली हायवांग योंग आणि सहकाऱ्यांनी सायक्लोहेक्साडाइनवर 200 नॅनोमीटरचा लेसर टाकला. त्यानं रेणूतला एक इलेक्ट्रॉन दूरवर पसरलेल्या रिडबर्ग अवस्थेत जातो. अणू हलण्याआधीच लहान कोनांवरचा संकेत बदलला, आणि तो बदल अणूंच्या हालचालीपासून वेगळा काढता आला. याच्या पुढचं पाऊल 2025 साली अमोनियावर पडलं. अमोनियात दहाच इलेक्ट्रॉन, त्यांतले दोनच नायट्रोजनच्या गाभ्यात. म्हणजे जे दिसतं ते बहुतेक बंधाच्या इलेक्ट्रॉनांचंच. हायड्रोजन सुटून जाताना त्या इलेक्ट्रॉनांची फेरमांडणी विवर्तनात शोधण्यात आली. क्ष-किरणांचं या क्षेत्रातलं पुढचं स्थान मला इथे दिसतं. अणूंची अंतरं इलेक्ट्रॉनांच्या झोतानं मोजता येतात. इलेक्ट्रॉनांच्या ढगाचा इतका सरळ हिशेब मात्र क्ष-किरणच देतात.

पण हा हिशेब कसा वाचायचा, याबाबत सिद्धान्ताचा एक इशारा आधीच आलेला आहे, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. गोपाल दीक्षित, ओरिओल वेंड्रेल आणि रॉबिन सांत्रा यांनी 2012 साली हॅम्बुर्गहून एक गणित मांडलं. इलेक्ट्रॉनांचा ढग वेगानं बदलत असेल, तर क्ष-किरणांची नक्षी त्या क्षणाच्या ढगाचं सरळ चित्र देत नाही. ढगाच्या दोन ठिकाणांचा आणि दोन क्षणांचा परस्परसंबंध त्या नक्षीत गुंफलेला असतो. दीक्षित पुढे पवईच्या आयआयटीत आले. प्रयोगाची धार फेम्टोसेकंदाच्याही खाली जाईल तसतसा हा इशारा दुर्लक्षिता येणार नाही. अशा ठोक्यांतून आलेल्या नोंदीला नेहमीचं गणित लावून 'इलेक्ट्रॉनांचं छायाचित्र' म्हणून छापलं, तर ते चुकीचं चित्र ठरेल.

स्पर्धाही थांबलेली नाही. स्लॅकमध्येच दशलक्ष व्होल्टच्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचं विवर्तन-यंत्र आहे. या ऊर्जेला इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं जातात, त्यामुळे ठोका कमी पसरतो. थॉमस वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2019 साली त्यावर त्याच सायक्लोहेक्साडाइनचं कडं उघडताना पाहिलं. या पद्धतीत मोठ्या कोनांपर्यंत मोजता येतं, म्हणून अंतरांचा बारकावा क्ष-किरणांहून सरस. वेळेची धार मात्र क्ष-किरणांची चांगली. तिसरी पद्धत अगदी वेगळी आहे: क्ष-किरणांच्या प्रखर ठोक्यानं रेणूचे इतके इलेक्ट्रॉन उडवायचे, की तो स्वतःच्या विद्युतभारानं फुटावा, आणि उडालेल्या तुकड्यांच्या दिशांवरून मूळ आकार काढायचा. रेबेका बोल आणि सहकाऱ्यांनी 2022 साली युरोपियन एक्सफेलवर आयोडोपिरिडिनचं असं चित्र मिळवलं, आणि त्यात हायड्रोजनही दिसले. विवर्तनात हायड्रोजनचा एकच इलेक्ट्रॉन बाकीच्यांत हरवतो, ही क्ष-किरणांची जुनी उणीव तिथे भरून निघते.

ठोके कमी पडण्याची अडचण सुटण्याच्या वाटेवर आहे, पण अर्धीच. 2023 च्या सप्टेंबरमध्ये एलसीएलएसच्या नव्या अतिवाहक त्वरकानं पहिले किरण दिले. सेकंदाला दहा लाखांपर्यंत ठोके देण्याची त्याची क्षमता आहे, म्हणजे जुन्या 120 च्या तुलनेत हजारो पटींनी जास्त. पण सध्याच्या 4 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांतून निघतात ते मृदू क्ष-किरण, आणि त्यांची तरंगलांबी बंधांची अंतरं मोजायला फार मोठी पडते. ऊर्जा 8 अब्जांपर्यंत नेण्याचं काम हाती घेतलेलं आहे, ते पुरं झालं की कठोर किरणही त्या वेगानं मिळतील. मग प्रश्न शोधकाचा. दर सेकंदाला दहा लाख वेळा लाखो पिक्सेल वाचायचे, आणि प्रत्येक पिक्सेलवर एखादाच फोटॉन असला तरी तो चुकवायचा नाही, ही अवघड मागणी आहे.

मला सर्वांत आधी पाहायला आवडेल तो प्रयोग यापेक्षा साधा आहे. एकच रेणू, एकाच रंगाचा आणि एकाच तीव्रतेचा लेसर, आणि पाठोपाठ दोन्ही मोजमापं: क्ष-किरणांची आणि इलेक्ट्रॉनांची. क्ष-किरण फक्त इलेक्ट्रॉनांचा ढग पाहतात, इलेक्ट्रॉनांचा झोत केंद्रकं आणि ढग दोन्ही पाहतो. दोन्ही नोंदी एकाच हिशेबात बसवल्या, तर केंद्रकं कुठे गेली आणि बंधाचे इलेक्ट्रॉन कुठे गेले हे सिद्धान्ताच्या कमीत कमी आधारानं वेगळं करता येईल. दोन्ही यंत्रं स्लॅकच्या एकाच आवारात आहेत, आणि सायक्लोहेक्साडाइन दोन्हींवर बसून झालेला आहे.